मास्तरणीचा स्वार

३ ऑक्टोबर

कर्नलसाहेब,

साष्टांगातलं एक अंग प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा सध्या सप्तांग नमस्कारावर भागवून घ्या.

घोडीवरून पडलो असतो तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. पडलो स्टुलावरून. लेकीकडे पंधरा दिवस राहायला म्हणून आलो, आल्या आल्या "बाबा, एवढा पडद्याचा दांडा बसवता का" झालं, आणि मी चढलो. जन्मभर लोकांना चष्मे करून दिले, पण स्टुलाचा एक पाय लुळा आहे हे काही मला दिसलं नाही. मांडीचं हाड मोडलं, गुडघाही दुखावला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "घोडीनं पाडलं ना?" मी नुसता हुंकार भरतो. घोडीची बदनामी होते, पण माझी अब्रू वाचते.

त्या घोडीबद्दलच लिहितोय. मास्तरणीला तुमच्या घरामागच्या रंगाच्या रिकाम्या गोदामात पंधरा दिवसांसाठी म्हणून बांधून आलो होतो. आता उन्हाळ्याआधी माझं येणं दिसत नाही. आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी लांब पल्ल्याची दौड आहे. ऐंशी किलोमीटर, एका दिवसात. पहिलं यायची गरज नाही. ज्यानं पूर्ण केली तो जिंकला, असा या खेळाचा सरळ हिशेब आहे. दोन वर्षं मी तिला त्यासाठी तयार केली आणि पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. नाव मी आधीच नोंदवून ठेवलंय. स्वार ऐनवेळी बदलता येतो. सकाळी वजन करतात तेव्हा तोंडी सांगितलं की झालं.

आता तुम्हीच सांगा, आपल्या गोतावळ्यात घोड्यावर बसलेला माणूस दुसरा कोण आहे? धाकट्या मेहुण्याच्या लग्नात, भाचीच्या साखरपुड्यात, आणि एकदा तर हॉस्पिटलात दुसऱ्याच्या पेशंटला भेटायला आलेल्या लोकांनाही तुम्ही तुमच्या तरुणपणच्या जंगलातल्या रपेटीची हकीकत ऐकवलीत. दरवेळी पल्ला दहाएक मैलांनी वाढतो, एवढं सोडलं तर तपशिलात काही फरक नसतो. सासुरवाडीनं तुम्हाला कर्नल म्हणायला सुरुवात केली ती मिशा आणि आवाज पाहून. आता पराक्रमही पाहू द्या.

ताई, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल, कारण साहेबांचा चष्मा उशीखाली झोपलेला असतो. हा परिच्छेद मनातल्या मनात वाचा. लेकी बोले सुने लागे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वडिलांच्या दुधाच्या गाडीचा घोडा संध्याकाळी उघड्या पाठीवर बसून घरी कोण आणायचं, ते तुमच्या बहिणीनं मला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलंय. थेट तुम्हाला विचारलं असतं तर साहेबांनी पत्राचे तुकडे केले असते. म्हणून पाकिटावर नाव त्यांचं. पुढचं मोठ्यानं वाचा.

तर साहेब, नाही म्हणू नका.

तुमचा एकपायी साडू

•

११ ऑक्टोबर

प्रिय साडूभाऊ यांस,

आपले पत्र पोचले. वाचून दाखविण्यात आले. स्टुलाविषयी वाईट वाटले. आम्ही असतो तर आधी स्टूल तपासले असते.

दौडीची जबाबदारी आम्ही स्वीकारली आहे. आमच्यासारख्या माणसाला ऐंशी किलोमीटर म्हणजे जेवणानंतरची शतपावली. तरी आपला शब्द मोडवत नाही. घोडी सुखरूप आहे. मात्र तिला अजिबात शिस्त नव्हती, हे कळविणे भाग आहे. आता रोज सकाळी सहा वाजता आम्ही तिच्यासमोर उभे राहून दिवसाचा कार्यक्रम स्पष्ट आवाजात सांगतो. चौतीस वर्षे गोदामात हमालांना असाच सांगत होतो. हमाल ऐकत असत. घोडीही ऐकते.

प्रत्यक्ष आरोहण पुढील आठवड्यात करू. घाईने काही साधत नाही.

आपला,
थोरला साडू

ता. क. भावोजी, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून हे खाली लिहिते. घोडी ऐकत नाही. हे बोलायला लागले की ती शेपूट यांच्याकडे करून भिंतीकडे तोंड वळवते. तिला मास्तरीण नाव कुणी ठेवलं? अगदी चपखल आहे.

तुमचा मनातल्या मनात वाचायचा मजकूर वाचला. खरारा मी करते, दाणा मी देते, आणि काल हे न्हाव्याकडे गेले होते तेव्हा तिच्या पाठीवर नुसती आडवी पडून पाहिलं. मी छपन्न वर्षांची आहे हो. उतरताना गुडघ्यांनी मला ते ऐकवलं. पण तो घामाचा आणि गवताचा वास! वडील गेल्यापासून मी तो घेतला नव्हता.

तेव्हा ऐका. मी बसेन. पण एक अट आहे. मी यांना ढकलून चढणार नाही, आणि यांच्या पाठीमागूनही चढणार नाही. पस्तीस वर्षं चारचौघांत हे बोलले आणि मी मान हलवली. आता चारचौघांतच यांनी आपल्या तोंडानं म्हणावं की स्वार ही आहे. नाही म्हणाले तर घोडी गोदामातच राहील. तुम्ही मध्ये पडू नका.

•

२० ऑक्टोबर

कर्नलसाहेब,

होकार वाचून निम्मं दुखणं पळालं. तुमचं ते "आम्ही" वाचलं की मला नेहमी वाटतं, घरात तुम्ही तिघं-चौघं तरी असाल. घोडीला मात्र एकच जण पाठीवर चालतो, एवढं ध्यानात ठेवा.

थोडं कामाचं सांगतो. दर वीस किलोमीटरची फेरी मारून त्याच मैदानावर परत यायचं, की थांबा. तिथे घोड्यांचे डॉक्टर कानाला नळ्या लावून उभे असतात. घोड्याची नाडी ठरावीक वेळात चौसष्टपर्यंत उतरली तरच पुढे सोडतात. मग पोटाला नळी लावून आतडी बोलतात का ते ऐकतात, मग थोडं पळवून लंगडतंय का ते पाहतात. स्वाराला कुणी काही विचारत नाही. तो आडवा पडला तर त्याला ओलांडून घोड्याकडे जातात. आणि शेवटची रेषा ओलांडली म्हणून संपलं असंही नाही. तिथेही तपासणी. हे जनावर अजून पुढे जाऊ शकेल, असं डॉक्टरांनी म्हटलं तरच दौड पूर्ण. नाहीतर ऐंशी किलोमीटर येऊनही तुम्ही आलाच नाहीत.

आता ताई, तुमच्यापुरतं. साहेबांना सांगा, इथे माझ्या औषधांची यादी आहे.

गुडघा आता पूर्ण वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे रिकिबीत पाय जायचा नाही. तुमच्या बहिणीला हे ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही, म्हणून आम्ही दोघं एकमेकांना उन्हाळ्यानंतरच्या रपेटींच्या गप्पा मारून दाखवतो. सांगायचं कारण एवढंच की मास्तरणीनं ही दौड पुरी केलेली मला हवी आहे. माझ्या हातून आता दुसरं घोडं तयार व्हायचं नाही. तेव्हा ती अट जरा सैल करा ना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातले आहेत साहेब. चारचौघांत ते म्हणायचे नाहीत.

आता मोठ्यानं: पाणी पाजताना बादली जमिनीवर ठेवावी, हातात धरू नये.

एकपायी

•

१४ नोव्हेंबर

प्रिय साडूभाऊ यांस,

औषधांची यादी फार मोठी दिसते. ही वाचता वाचता गप्प झाली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आली नाही. प्रकृतीस जपावे.

दौडीची तयारी उत्तम चालू आहे. गेल्या मंगळवारी आम्ही घोडीवर आरूढ झालो. उंचावरून परिसराची पाहणी केली. पाहणी पूर्ण झाल्याने तत्काळ उतरलो. घोडीचा वेग, वळण आणि स्वभाव यांचा अंदाज घेण्यास एवढा वेळ पुरेसा असतो. जाणकाराला शितावरून भाताची परीक्षा. त्यानंतर रोजचा सराव आम्ही देखरेखीच्या पद्धतीने घेत आहोत. काल आम्ही वीस किलोमीटर केले. शेजारचे शिंपी कौतुक करत होते.

गाजरे दीड बोट लांबीची कापली असता घोडी अधिक आवडीने खाते, हा आमचा शोध आहे.

आपला,
थोरला साडू

ता. क. उतरले ते शेणाच्या ढिगावर, म्हणून हाडं शाबूत आहेत. मास्तरीण एकच पाऊल बाजूला सरली. तिनं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण नंतर ती पहिल्यांदाच यांच्याकडे वळून पाहत होती. ते कपडे तीन पाण्यांतून काढले.

वीस किलोमीटर मी आणि मास्तरीण. हे सायकलवरून मागे होते, हँडलला बादली अडकवून, आणि त्यातलं निम्मं अंतर सायकल ढकलत. लोकांना सांगतात, "घोडी फिरवून आणायला हिला पाठवतो." लोक माझ्याकडे पाहतात. मी मान हलवते. अजून हलवतेय, भावोजी.

औषधांची यादी वाचून मला रडू आलं. तरीही अट सैल करण्याची विनंती नामंजूर.

•

१२ डिसेंबर

कर्नलसाहेब,

गाजरांचा शोध इथे सर्वांना वाचून दाखवला. जावई म्हणाले, पेटंट घ्या. तुमची देखरेखीची पद्धत ऐकून मला माझ्या तरुणपणी तशीच पोहायला शिकवणारे एक गुरुजी आठवले. ते काठावर असायचे आणि कधीच बुडाले नाहीत. प्लास्टर निघालं. घरात काठी टेकत फिरतो. घोडामैदान जवळ आलंय. बूट घेतलेत का?

ताई, आता मनातल्या मनात.

मी एक ठरवलंय. दौडीच्या मंडळाला मी परस्पर पत्र टाकतो आणि स्वार म्हणून तुमचं नाव लावून घेतो. साहेबांना तिथे गेल्यावर कळेल. चार लोकांत आरडाओरडा करायची त्यांची छाती होणार नाही. फार तर मंडळाची चूक म्हणतील, आणि आपणही ती मंडळाची चूकच म्हणू. कुणाची मान खाली नाही, कुणाचा पीळ आडवा नाही, आणि घोडी दौडते. साप मरतो, काठीही शाबूत. पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत कळवा. नाही कळवलंत तर हो समजतो.

मोठ्यानं: सर्वांना नमस्कार.

एकपायी

•

१५ डिसेंबर

भावोजी,

हे पत्र स्वतंत्र लिहितेय आणि आत्ताच्या आत्ता टाकायला जातेय, कारण तुम्ही दोनच दिवस दिलेत.

असं काही केलंत तर मी घोडीजवळ जाणार नाही. तुमचा गुडघा, तुमची दोन वर्षं, सगळं मला कळतं. पण तुम्ही म्हणता तसं झालं तर मी पुन्हा कुणाच्या तरी चुकीमुळेच तिथे उभी असेन. लग्न झालं तेव्हाही वडिलांनी थोरलीचा, म्हणजे माझा, फोटो चुकून पाठवला म्हणून माझं ठरलं. तिथं तुमच्या बायकोचा फोटो जायचा होता! यांना ते कधीच कळलं नाही. चुकीनं मिळालेलं मी पस्तीस वर्षं नीट सांभाळलंय, तक्रार नाही. पण हे मला चुकीनं नको.

मला ही दौड हवी आहे. आता सांगायची लाज वाटत नाही. जिना उतरताना पाय आपोआप रिकीब शोधतो. दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवून मी मनात चाल मोजत असते आणि दूध उतू जातं. हे म्हणतात, "आजकाल तुझं लक्ष कुठे असतं?" मी म्हणते, "कुठे नाही." काल रात्री झोपेत मी यांना टाच मारली, म्हणे.

आणि मला हेही हवंय की यांनी मला ती आपल्या हातानं द्यावी. दोन्ही. एक मिळालं नाही तर दुसरं नको. हट्ट आहे, मला ठाऊक आहे. मास्तरणीची संगत.

तुमची ताई

•

२ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ यांस,

घोडीने दौड पूर्ण केली. डॉक्टरांनी तिला पुढेही जाण्यास योग्य ठरविले. हे आधी लिहिले, कारण आपला जीव टांगणीला असेल. आता क्रमाने.

प्रथम एक गोष्ट नोंदवितो. आपण करून दिलेला चष्मा आम्ही ऑक्टोबरपासून वापरत आहोत. दुपारी ही घोडीला घेऊन बाहेर पडली की आपली पत्रे डब्यातून काढून पुन्हा वाचण्याचा आमचा परिपाठ आहे. सबब, आपण मनातल्या मनात वाचण्यासाठी लिहिलेला सर्व मजकूर आम्ही मनातल्या मनात वाचलेला आहे. दुधाच्या गाडीचा घोडा, गुडघा, सुंभ, पीळ, मंडळाची चूक, सर्व. हिचे पत्र मात्र वाचावयास मिळाले नाही. ही धावतच टाकावयास गेली. त्यात काय होते ते आपण सांगू नये.

म्हणजे अट आम्हाला ठाऊक होती. काय म्हणावयाचे तेही ठाऊक होते. दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिले होते. आरशासमोर जमत होते.

तंबूसमोर वजनकाटा होता. आम्ही नवे बूट घालून, दोन्ही हातांवर खोगीर घेऊन रांगेत उभे होतो. मागे धाकटा मेहुणा सहकुटुंब आला होता. न्हावी आला होता. शिंपी आले होते. गोदामातले दोन जुने हमालही आले होते आणि "साहेब, शाब्बास" असे म्हणत होते. काट्यापाशी एक मुलगी होती, कानामागे पेन्सिल लावलेली. ती म्हणाली, "घोडी मास्तरीण. स्वार कोण?"

आम्ही म्हणालो, "आम्ही."

ती म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण? वजन एकाचंच घ्यायचंय."

मागे कुणी हसले. ही घोडीचा लगाम धरून उभी होती. आम्ही वळून पाहिले. हिने काही खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत. घोडीच्या आयाळीत अडकलेली काडी काढत होती. साडूभाऊ, पस्तीस वर्षे आम्ही काही बोललो की हिची मान हलते. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की ती हलते हे आम्ही पाहतही नसू. त्या दिवशी ती हलली नाही. मला एकदम फार एकटे वाटले.

मी म्हणालो, "ही."

मुलगी म्हणाली, "कोण ही? मोठ्यानं सांगा हो."

आमचा आवाज लहान आहे असे आजवर कोणी म्हटले नव्हते. तेव्हा मग सगळ्या तंबूंपर्यंत जाईल असे सांगावे लागले. "ही! माझी बायको! स्वार ही आहे!" तीन घोडे बिथरले. हिने येऊन आमच्या हातांतले खोगीर घेतले आणि काट्यावर उभी राहिली. वजन आम्ही सांगत नाही, ते हिला आवडणार नाही.

निर्णय आमचाच होता, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

पुढील हकीकत भेटीत सविस्तर सांगू. दुसऱ्या थांब्यानंतर आम्ही व्यवस्थेच्या कामात होतो.

आपला,
थोरला साडू

•

१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुमच्या नावानं आहे. साहेब दुपारी चष्मा लावून वाचतीलच, तर त्यांनाही नमस्कार, आणि सुंभ-पिळाबद्दल माफी.

मंडळानं फोटो पाठवलाय. मास्तरीण मधोमध, कान टवकारून, कुणाचीतरी वही तपासायला निघाल्यासारखी. तुम्ही तिच्या मानेला टेकलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा धुळीनं माखलेला. डॉक्टर हसतायत. मेहुणा, त्याची बायको, पोरं, तो मिशाळ माणूस म्हणजे न्हावी असावा. मी फोटो घेऊन खिडकीशी गेलो आणि तुमच्या बहिणीला म्हटलं, माझी घोडी पाहा. मग आम्ही दोघांनी मिळून एकदाचं गुडघ्याबद्दल मोकळेपणानं बोलून घेतलं. त्यापेक्षा जास्त काही लिहीत नाही.

पण एक विचारायचंय. फोटोत साहेब कुठे आहेत? तुमच्या बहिणीनं भिंगातून पाहिलं. कडेला नाहीत, मागे नाहीत. ज्या माणसानं आजवर एकाही फोटोत दुसऱ्याला मधे उभं राहू दिलं नाही, तो या फोटोत नाही म्हणजे काय? पत्रातही दुसऱ्या थांब्यानंतर एकदम गप्प आहेत. ताई, खरं सांगा. सकाळी चारचौघांत म्हणाले आणि मग दिवसभर ते जिव्हारी लागलं का? रुसून निघून गेले का? तसं असेल तर आम्ही तुम्हाला भलत्याच पेचात टाकलं, असं मला वाटत राहील.

तुमचा,
चष्मेवाला

•

५ मार्च

भावोजी,

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसले की हे शेजारी येऊन बसतात आणि मजकूर सुचवतात. आज शिंप्याकडे गेलेत. तिथे निदान तासभर तरी मोडेल, कारण नवीन गिऱ्हाईक आलंय आणि त्याला दौडीची हकीकत ऐकवायची राहिलीय.

हकीकत माझी आहे, बरं का. स्वतःची ती जंगलातली रपेट यांनी पार सोडून दिलीय. आता मी आहे. न्हाव्याकडे ऐंशीचे शंभर झाले, भाचीकडे शंभराचे दीडशे. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं, त्याला पूर आलाय. मधेच मी खोगीर फेकून देऊन उघड्या पाठीवर गेले. एका ठिकाणी बिबट्या बसलेला होता, तो मला पाहून उठून गेला. पूर्वी हे स्वतःबद्दल सांगायचे तेव्हा मान हलवणं सोपं होतं. आता लोक माझ्याकडे वळून विचारतात, "खरंच का हो, बिबट्या?" आणि हे माझ्याकडे इतक्या आशेनं पाहत असतात की काय सांगू! परवा मी म्हटलं, "अंधुक दिसला." झालं, तेव्हापासून बिबट्याबरोबर बछडे आहेत.

पण फोटोत हे का नाहीत, ते हे कुणालाच सांगत नाहीत. मेहुण्यालाही नाही, हमालांनाही नाही. तुमच्याशीही "व्यवस्थेचं काम" म्हणून मोकळे झाले. म्हणून मी लिहिते.

पहिल्या थांब्यावर नाडी कशीबशी उतरली. दुसऱ्यावर उतरेचना. मास्तरीण दमलेली नव्हती, चाल छान होती, पण डॉक्टर नळी लावायच्या आणि मान हलवायच्या. सत्तर. पुन्हा पाहिलं, बहात्तर. वेळ संपत आलेली. हे घोडीच्या तोंडाशी उभे राहून हुकूम सोडत होते. "पाणी इकडे आणा! सावली करा! घाबरू नकोस, आम्ही आहोत!" डॉक्टर तरुण होती, पण हुशार. तिनं नळी न काढता यांच्याकडे पाहिलं. हे बोलले की आकडा चढायचा, श्वास घ्यायला थांबले की उतरायचा. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा लांब जाता का? तिला तुमचा आवाज सहन होत नाहीये."

मला वाटलं, झालं, आता हे उसळणार. सकाळी एकदा सगळ्यांदेखत मान खाली घातली होती, दिवसाला किती वेळा घालायची? यांनी बादली खाली ठेवली, जमिनीवर, तुम्ही सांगितली होती तशी, आणि पाण्याच्या टँकरमागे गेले. बघता बघता नाडी साठवर आली. मी चढले आणि निघाले.

तिसऱ्या थांब्यावर पोचले तर बादल्या भरून मांडलेल्या, गाजरं दीड बोटाची कापलेली, ओली फडकी रांगेनं ठेवलेली, आणि माणसाचा पत्ता नाही. टँकरखालून नवे बूट तेवढे दिसले. मास्तरणीची नाडी पटकन उतरली. मला मात्र उगाच भरून आलं.

शेवटी ऊन उतरलं तेव्हा रेषा ओलांडली. कंबर मोडली होती, मांड्या सोलून निघाल्या होत्या, उतरले तर सरळ उभंच राहता येईना. मग तपासणी. पोट ऐकलं, पळवून पाहिली, नाडी घेतली. डॉक्टरनं हात वर केला आणि टाळ्या वाजल्या. मेहुण्यानं मला मिठी मारली, हमाल ओरडले, फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" करत होता. या सगळ्या गडबडीत यांना सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.

आठवण झाली तशी लंगडत टँकरमागे गेले. हे टँकरकडे तोंड करून उभे होते. एक हात टँकरवर टेकलेला, दुसऱ्या हातानं मिशांसकट तोंड घट्ट दाबून धरलेलं. टाळ्या ऐकल्या असणार. पण त्या कुणासाठी, आपल्या घोडीसाठी की मागून आलेल्यांसाठी, हे पाहायला बाहेर आले नव्हते. आले आणि तिनं पाहिलं आणि आकडा चढला तर, म्हणून. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. मला पाहून भुवया वर केल्या नुसत्या.

मी म्हटलं, "झाली. पुरी झाली."

डोळे पाण्यानं भरले होते यांचे. तोंडावरचा हात थोडा सैल केला आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं विचारलं, "आता बोललं तर चालेल का?"

मी म्हटलं, "बोला."

आणि भावोजी, तेव्हापासून हे थांबलेले नाहीत.

तुमची,
ताई